तालवाद्यकाराचे नेतृत्व : टोनी विल्यम्स आणि ‘लाइफ टाइम’

जॅझच्या ध्वनिमुद्रिकेच्या वेष्टनावर ज्याचे नाव ठळक अक्षरांत छापले जाते त्याला त्या क्षेत्रात ‘लीडर’ म्हणतात आणि त्याच्या सोबतीला वाजवणाऱ्या बाकीच्या सर्वांना ‘साइडमन’. हा भेद नुसता मानाचा नसून व्यवहाराचाही आहे, कारण अमेरिकेतील वादकांच्या संघटनेच्या दरानुसार ध्वनिमुद्रणाच्या बैठकीसाठी लीडरला साइडमनच्या दुप्पट मोबदला मिळतो, कोणाला बोलवायचे हे बहुधा तोच ठरवतो, आणि रचना त्याच्या असतील तर त्यांचे स्वामित्वधनही त्याच्याकडेच जाते. ड्रमरच्या बाबतीत हा शेवटचा मुद्दा फार मोलाचा ठरतो. सुरावट लिहिणाऱ्याची नोंद रचनाकार म्हणून होते, ती सुरावट ज्या लयीवर उभी राहते ती लय घडवणाऱ्याची होत नाही. त्यामुळे शेकडो मुद्रिकांत वाजवूनही एकाही रचनेवर हक्क नसलेले नामवंत ड्रमर जॅझच्या इतिहासात जागोजागी भेटतात. अशा परिस्थितीत ड्रमरने स्वतःच्या नावाने पहिली मुद्रिका काढायची ठरवली, तर तीत त्याने नेमके काय करायचे, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. टोनी विल्यम्स या वादकाने ऑगस्ट १९६४मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, ‘लाइफ टाइम’ या मुद्रिकेत त्याचे दिलेले उत्तर आजही चक्रावून टाकते, कारण तीतल्या पाचही रचना त्याच्या आहेत, आणि पाचवी रचना वाजत असताना तो स्वतः वाजवतच नाही.

या उत्तराचे वेगळेपण कळण्यासाठी ड्रमरचे काम आधी समजून घ्यावे लागते. ड्रमसेट म्हणजे एका माणसाने दोन हात आणि दोन पाय वापरून वाजवायच्या अनेक वाद्यांचा संच असतो. उजव्या पायाच्या पेडलवर वाजणारा मोठा बास ड्रम, खालच्या पडद्याला तारा ताणून बसवल्यामुळे खरखरीत वाजणारा स्नेअर, वेगवेगळ्या उंचीच्या स्वरांत लावलेले टॉमटॉम, डाव्या पायाने उघडझाप होणारी दोन झांजांची जोडी म्हणजे हाय-हॅट, आणि उजव्या हाताशी आडवी बसवलेली मोठी राइड झांज. जुन्या नृत्यसंगीतात बास ड्रमवर दर मात्रेला ठोका देऊन लय राखली जाई. काउंट बेसीच्या वाद्यवृंदातील जो जोन्स याने हे काम हाय-हॅटकडे नेले आणि १९४०च्या आसपास केनी क्लार्क याने ते राइड झांजेकडे सोपवले, ज्यामुळे डावा हात आणि उजवा पाय मोकळे झाले आणि त्यांनी मध्येच अनपेक्षित ठोके द्यायला सुरुवात केली. तबल्याच्या संगतीत ठेका चालू ठेवून तबलजी जशी मधली जागा भरतो, तसेच हे वरवर वाटते. पण एक फरक मूलभूत आहे. हिंदुस्थानी संगीतात आवर्तन कुठे पोचले आहे हे ठेक्याच्या बोलांवरूनच कळते, तर जॅझमध्ये आवर्तन, म्हणजे बहुतेक वेळा बत्तीस मात्रागटांचा एक फेरा, पियानो आणि डबल बास यांच्या स्वरसंवादातून, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या ठरलेल्या क्रमातून, समजते. ड्रमर त्या फेऱ्याच्या खुणा तेवढ्या करतो. साहजिकच तो ठरलेला क्रमच काढून टाकला, तर ड्रमरने कशाच्या खुणा करायच्या, हे कोणीच सांगू शकत नाही.

ड्रमर लीडर होण्याला पूर्वपीठिका होतीच. १९३०च्या दशकात हार्लेममधील सॅव्हॉय बॉलरूम गाजवणारा चिक वेब, पुढे जीन क्रुपा आणि बडी रिच हे वाद्यवृंदांचे नायक होते, आणि श्रोत्यांना त्यांच्याकडून अपेक्षा असे ती लांबलचक, दमछाक करणाऱ्या एकलवादनाची. आर्ट ब्लेकीचा मार्ग निराळा होता. त्याने ‘जॅझ मेसेंजर्स’ हा संच दशकानुदशके चालवला, तरुण वादक घडवले, रचना त्यांच्याकडून घेतल्या, आणि स्वतः मागे बसून सगळ्यांना अक्षरशः पुढे ढकलत राहिला. मॅक्स रोचने १९६०मध्ये ‘वी इन्सिस्ट!’ या मुद्रिकेतून नागरी हक्कांच्या लढ्याशी थेट जोडलेली प्रदीर्घ रचना सादर केली, तेव्हा ड्रमर हा विचार करणारा रचनाकारही असू शकतो, हे सिद्ध झाले. विल्यम्सला हे तिन्ही मार्ग माहीत होते, आणि त्याच्या वादनात या पूर्वसुरींचा अभ्यास ऐकू येतो. ‘लाइफ टाइम’मध्ये मात्र तो यांपैकी एकाही वाटेने गेला नाही.

विल्यम्सचा जन्म १२ डिसेंबर १९४५ रोजी शिकागोत झाला आणि तो वाढला बॉस्टनमध्ये. वडील सॅक्सोफोनवादक होते. त्यांच्याबरोबर क्लबांत जाणाऱ्या या मुलाने दहा वर्षांचा होण्याआधीच व्यावसायिक वादकांच्या सोबतीला बसायला सुरुवात केली. पुढे त्याला ॲलन डॉसन हे गुरू लाभले. डॉसन हे पुढल्या अनेक पिढ्यांचे शिक्षक, आणि प्रत्येक हाताला व पायाला स्वतंत्र बुद्धी असावी अशा शिस्तीने शिकवणारे. त्यांच्याखेरीज बॉस्टनमध्ये दुसरा प्रभाव पडला तो सॅम रिव्हर्स या टेनर सॅक्सोफोनवादकाचा, जो त्याच्याहून बावीस वर्षांनी मोठा होता, संगीताचे रीतसर शिक्षण घेतलेला होता आणि ठरीव चौकटीबाहेरच्या वादनाचे प्रयोग करत होता. १९६२च्या अखेरीस जॅकी मॅक्लीन या सॅक्सोफोनवादकाने बॉस्टनमध्ये विल्यम्सला ऐकले, त्याच्या आईची परवानगी मिळवली आणि सतरा वर्षांच्या या मुलाला न्यूयॉर्कला नेले. पुढच्या काही महिन्यांतली घोडदौड थक्क करणारी आहे: एप्रिल १९६३मध्ये मॅक्लीनच्या ‘वन स्टेप बियाँड’चे ध्वनिमुद्रण, आणि मे महिन्यात थेट ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसच्या संचात प्रवेश. त्या काळी जॅझमध्ये याहून वरची जागा नव्हती. १२ फेब्रुवारी १९६४ रोजी न्यूयॉर्कच्या फिलहार्मोनिक हॉलमध्ये झालेल्या डेव्हिसच्या मैफलीतील जलद रचना ऐकल्या, की अठरा वर्षांच्या वादकाने आपल्याहून कितीतरी ज्येष्ठ असलेल्या नायकाला कसे पळवले, हे कळते.

डेव्हिसच्या संचात राहूनही विल्यम्सचे कान दुसरीकडे होते. सॅक्सोफोनवादक ऑर्नेट कोलमनने १९६० साली मुद्रित केलेल्या ध्वनिमुद्रिकेचे ‘फ्री जॅझ’ हे नाव पुढे एका प्रवाहाचेच नाव झाले. स्वरसंवादाचा ठरलेला फेरा नाही, कधी कधी मोजता येणारी लयही नाही, एकमेकांना ऐकत वादकांनी क्षणोक्षणी घाट शोधायचा, अशी ती रीत. डेव्हिसला ती मुळीच रुचत नव्हती. विल्यम्स मात्र फेब्रुवारी १९६४मध्ये एरिक डॉल्फीच्या ‘आउट टू लंच’मध्ये आणि मार्चमध्ये अँड्र्यू हिलच्या ‘पॉइंट ऑफ डिपार्चर’मध्ये वाजवून मोकळा झाला होता. जुलैमध्ये डेव्हिसचा संच जपानला गेला, तेव्हा सॅक्सोफोनची रिकामी जागा सॅम रिव्हर्सला मिळाली ती विल्यम्सच्या आग्रहामुळे. परंतु रिव्हर्सचे वादन डेव्हिसला मानवले नाही आणि हा संबंध त्या दौऱ्यापुरताच राहिला. दौऱ्याहून परतल्यावर अवघ्या काही आठवड्यांत विल्यम्सने स्वतःची मुद्रिका केली आणि नायकाने नाकारलेल्या त्याच सॅक्सोफोनवादकाला तीत मध्यवर्ती स्थान दिले. यात बंडखोरी शोधण्याचे कारण नाही, कारण सहा महिन्यांनी डेव्हिसचा संचही त्याच दिशेने सरकू लागलेला दिसतो. एवढेच म्हणता येते की निवड करण्याचा अधिकार हाती येताच त्याने आपली आवड लपवली नाही.

ही मुद्रिका काढणारी ‘ब्लू नोट’ कंपनी आल्फ्रेड लायन या बर्लिनहून आलेल्या ज्यू निर्वासिताने १९३९मध्ये न्यूयॉर्कमध्ये सुरू केली होती. लहान कंपनी असूनही ती ध्वनिमुद्रणापूर्वीच्या तालमींचे पैसे वादकांना देत असे. अवघड नव्या रचना इतक्या नेटक्या मुद्रित होण्यामागे हे साधे कारण होते. लायनने १९६३पासून विल्यम्सला अनेक बैठकांत ऐकले होते, आणि वयाकडे न पाहता त्याला संपूर्ण मोकळीक दिली. ध्वनिमुद्रण २१ आणि २४ ऑगस्ट या दोन दिवशी न्यूजर्सीतील एंगलवूड क्लिफ्स येथे रुडी व्हॅन गेल्डर यांच्या, उंच लाकडी छताच्या स्टुडिओत झाले. व्हॅन गेल्डर मूळचे नेत्रतपासनीस. १९५९मध्ये हा स्टुडिओ उभारेपर्यंत त्यांनी तो व्यवसाय सोडला नव्हता. त्यांच्याकडे त्या वेळी आवाज थेट दोन मार्गांच्या फितीवर उतरत असे, म्हणजे कोणते वाद्य किती मोठे ऐकू यावे याचा निर्णय वाजवतानाच होई आणि नंतर तो फिरवता येत नसे. ड्रमसारख्या सहज सगळ्यांना झाकून टाकणाऱ्या वाद्यासाठी ही अट कडक होती. वादकाने आपला आवाज आपणच आवरायचा.

वेष्टनावर नाव छापले गेले ते ‘अँथनी विल्यम्स’ असे पूर्ण. वादकांची निवड पाहिली तर लीडरच्या मनात काय होते ते बरेचसे उघड होते: रिव्हर्स टेनर सॅक्सोफोनवर, हर्बी हॅनकॉक पियानोवर, बॉबी हचरसन व्हायब्राफोन आणि मरिंबावर, आणि एकाऐवजी तीन डबल बासवादक, रिचर्ड डेव्हिस, गॅरी पीकॉक व रॉन कार्टर. व्हायब्राफोन म्हणजे धातूच्या पट्ट्यांचे आणि मरिंबा म्हणजे लाकडी पट्ट्यांचे, काठ्यांनी वाजवायचे वाद्य. सहाही जण वयाने विल्यम्सहून मोठे होते. पीकॉक त्या आधी सहाच आठवड्यांपूर्वी अल्बर्ट आयलरच्या ‘स्पिरिच्युअल युनिटी’मध्ये वाजवून आला होता, जिथे ड्रमर सनी मरे याने मोजता येणारा ठोका जवळजवळ सोडून दिला होता, हॅनकॉक आणि कार्टर हे तर डेव्हिसच्या संचातले रोजचे सोबती. मात्र हे सहा जण संपूर्ण मुद्रिकेत एकदाही एकत्र वाजवत नाहीत. प्रत्येक रचनेसाठी वेगळा छोटा गट आहे, आणि या गटवारीतच नेतृत्वाचा खरा मुद्दा दडलेला आहे.

पहिली बाजू ‘टू पीसेस ऑफ वन’ या शीर्षकाखालच्या ‘रेड’ आणि ‘ग्रीन’ या दोन भागांनी व्यापलेली आहे, आणि दोन्हींत सॅक्सोफोन, दोन बास व ड्रम एवढीच वाद्ये आहेत. पियानो नसल्यामुळे स्वरसंवादाचा फेरा सांगणारा कोणी उरत नाही. ‘रेड’ची चाल संथ आहे; रिचर्ड डेव्हिस आणि पीकॉक कधी गजाने, कधी बोटांनी वाजवतात, त्यामुळे एक बास सुरावट धरून असतो तेव्हा दुसरा खालून सरकत असतो, आणि रिव्हर्सचा सॅक्सोफोन या दोघांच्या मधून वाट काढतो. ड्रमकडे लक्ष द्यावे तर अठरा वर्षांच्या प्रसिद्ध वादकाने लिहिलेल्या पहिल्याच रचनेत तो कितीतरी वेळ केवळ झांजेच्या कडेवर, टॉमटॉमच्या एखाद्या मोजक्या आघातावर भागवतो. ‘ग्रीन’मध्ये वेग येतो, सॅक्सोफोन आणि ड्रम यांची थेट झुंज होते आणि ड्रमचा एकल भागही येतो, पण तो भाग टाळ्या घेण्यासाठी केलेला नाही. त्यात एकाच आकृतीचा विस्तार आहे, आणि टॉमटॉम स्वरांत लावलेले असल्यामुळे आघातांची मालिका गुणगुणता येईल इतकी सुरेल होते. विल्यम्स तेव्हा लहान, १८ इंच व्यासाचा बास ड्रम वापरत असे. सगळा संच चढ्या स्वरात लावलेला असल्यामुळे झांज आणि पडदे एकमेकांत मिसळत नाहीत, प्रत्येक आघात सुटा ऐकू येतो.

दुसऱ्या बाजूच्या आरंभी ‘टुमारो आफ्टरनून’ हे रिव्हर्स, पीकॉक आणि विल्यम्स या तिघांचे वादन आहे. पूर्ण मुद्रिकेत पारंपरिक ‘स्विंग’च्या, म्हणजे मात्रेला किंचित झोका देऊन पुढे ओढत नेणाऱ्या चालीच्या, सर्वांत जवळ जाणारी ही रचना, आणि म्हणूनच नवख्या श्रोत्याने इथून सुरुवात करावी. राइड झांजेवरची ठरावीक आकृती विल्यम्स फार वेळ तशीच ठेवत नाही. तो तिच्यातला एखादा आघात गाळतो, एखादा पुढे ढकलतो, आणि तरीही लय ढळत नाही, कारण ती दोघा सोबत्यांच्या कानात पक्की बसलेली आहे, याची त्याला खात्री आहे.

‘मेमरी’ या चौथ्या रचनेत मागचे सगळे सोडून दिले जाते. विल्यम्स, हचरसन आणि हॅनकॉक या तिघांचे हे वादन बव्हंशी आयत्या वेळचे आहे. विल्यम्स ड्रमखेरीज टिंपनी, लाकडी ठोकळे, मरॅकस आणि त्रिकोण ही वाद्येही हाताळतो. पियानोदेखील इथे आघाताचे वाद्य म्हणून वाजतो, मरिंबा तर आहेच. त्यामुळे कोण सूर देतो आहे आणि कोण ताल, ही विभागणीच निकालात निघते. ही रचना सर्वांत धाडसी मानली जाते, पण सर्वांत यशस्वी मानता येत नाही. मध्यंतरी काही ठिकाणी तिघेही दुसऱ्याने काही सुचवावे म्हणून थांबल्यासारखे वाटतात, आणि आठेक मिनिटांचा तिचा पसारा दोन मिनिटांनी कमी असता तरी बिघडले नसते. याउलट शेवटच्या ‘बार्ब्ज साँग टू द विझर्ड’मध्ये केवळ हॅनकॉकचा पियानो आणि कार्टरचा बास आहे. रचना लिहिलेली आहे, तिला निश्चित घाट आहे, आणि ती अतिशय देखणी आहे. रोज रात्री ज्या दोन वादकांच्या मागे बसून ड्रमर त्यांची लय सांभाळत होता, त्या दोघांना आता त्याने लिहिलेली लय त्याच्याविना सांभाळायची होती, आणि कागदावरची रचना एवढ्याने उभी राहते की नाही, याची ती परीक्षा होती. ती उभी राहिली.

मुद्रिकेत ड्रम फार कमी ऐकू येतो, ही तक्रार ड्रमच्या विद्यार्थ्यांमध्ये नेहमी ऐकायला मिळते, आणि हस्तकौशल्य शिकण्याच्या दृष्टीने ती रास्तही आहे. त्यांनी डेव्हिसच्या मैफलींची मुद्रणे ऐकावीत. परंतु कोणी, केव्हा, किती वेळ वाजवायचे नाही, हे ठरवणे हीसुद्धा रचनाच असते, आणि साइडमन असताना ड्रमरला तो निर्णय जवळपास कधीच घेता येत नाही, कारण त्याचे थांबणे म्हणजे चूक समजली जाते. विल्यम्सने लीडरपणाचा उपयोग मुख्यतः या अधिकारासाठी केला. पुढच्याच वर्षी, १२ ऑगस्ट १९६५ रोजी मुद्रित केलेल्या ‘स्प्रिंग’ या दुसऱ्या मुद्रिकेत त्याने उलट टोक गाठून ‘एको’ ही रचना एकट्या ड्रमवर वाजवली. मात्र तोवर सॅक्सोफोनवादक वेन शॉर्टर डेव्हिसच्या संचात स्थिरावला होता, ‘स्प्रिंग’मध्येही तो रिव्हर्सच्या जोडीला आहे, आणि एकूण संगीत अधिक आटोपशीर झाले आहे. डेव्हिसच्या संचावर या प्रयोगांचा किती परिणाम झाला हे मोजता येणार नाही, पण १९६७मधल्या ‘नेफर्टिटी’ या शॉर्टरच्या रचनेत ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन एकच सुरावट पुन्हा पुन्हा वाजवत राहतात आणि एकलवादन खऱ्या अर्थाने होते ते खाली ड्रमवर. त्याच वर्षी मुद्रित झालेल्या विल्यम्सच्या ‘पी वी’ या रचनेत तर खुद्द माइल्स डेव्हिसच वाजवत नाही.

१९६९मध्ये डेव्हिसचा संच सोडल्यावर विल्यम्सने जो त्रयी-संच काढला त्याला ‘लाइफटाइम’ हेच नाव, आता एक शब्द करून, दिले. संगीत मात्र विजेच्या गिटारचे, ऑर्गनचे आणि कानठळ्या बसवणारे होते. त्यातला गिटारवादक जॉन मॅक्लॉक्लिन पुढे ‘शक्ती’ या संचामध्ये मुंबईच्या झाकिर हुसेन यांच्याबरोबर बसला, आणि १९८०च्या दशकाअखेरीस त्याच्या त्रयीत आले ते मुंबईतच जन्मलेले त्रिलोक गुर्टू. जमिनीवर गुडघे टेकून वाजवता येईल असा संच मांडणारे गुर्टू तबला आणि ड्रम यांत भेद न करणारे वादक, आणि त्यांची लीडर म्हणून पहिली मुद्रिका ‘उस्फ्रेट’ १९८८मध्ये जर्मनीच्या सीएमपी कंपनीने काढली. तीत ऑर्नेट कोलमनचा जुना सोबती डॉन चेरी ट्रम्पेटवर आहे, राल्फ टाउनर गिटारवर आहे, आणि या सगळ्यांच्या पुढे आहे तो लीडरच्या आईचा, बेळगावच्या शोभा गुर्टू यांचा, ठुमरी-दादऱ्यात मुरलेला आवाज. पदार्पणाच्या मुद्रिकेत दुसऱ्याला पुढे बसवण्याची ही दुसरी तऱ्हा झाली. गुर्टू यांनी स्वतः बाजूला होण्याचा मार्ग पत्करला नाही; ‘शोभारॉक’मध्ये आईच्या आलापीखाली ताल सतत चालू असतो, मात्रांची गणिते बदलत राहतात, आणि गाणारी व्यक्ती त्या बदलांकडे फारसे लक्ष न देता आपल्या ठेहरावाने गात राहते. असे गाता येण्यासाठी खालचा ताल धरणाऱ्यावर पूर्ण भरवसा असावा लागतो, आणि तो भरवसा मुंबईतल्या घरात कितीतरी वर्षे आधीच जमला असणार.